अंधाराचे वेळापत्रक

दिवाळीच्या अंकात दिव्यांविषयी लिहावे असा एक अलिखित संकेत आहे. तो मोडून मी यंदा अंधाराविषयी लिहिणार आहे. वाचकांनी मात्र एवढ्याने घाबरून पान उलटू नये. वेदान्त्यांच्या अविद्येचा किंवा कवींच्या अंतःकरणातला अंधार मला येथे अभिप्रेत नाही. तो केव्हा येतो आणि केव्हा जातो हे कोणालाच सांगता आलेले नाही. माझा अंधार वक्तशीर होता. त्याची येण्याची वेळ ठरलेली, जाण्याची वेळ ठरलेली, आणि या दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत रीतसर छापून येत. महाराष्ट्रातील लक्षावधी घरे सात-आठ वर्षे त्या छापील कोष्टकावर जगली. मुलांचे अभ्यास, गिरणीतले दळण, नळाचे पाणी आणि शेतातल्या गव्हाचे पाणी, सारे त्याच्या तंत्राने चाले.

ते कोष्टक माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा उभे राहिले ते आत्याच्या घरची आवराआवर करताना. आत्याचे गाव संगमनेर तालुक्यात. तेव्हा जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते, आता अहिल्यानगर आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी 'कालनिर्णये' सुतळीने बांधून ठेवलेली सापडली. २००७ सालचे उघडून पाहतो तो प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने आकडे: 'स. ६। ते ९॥', 'सं. ५॥ ते ८'. मधूनच 'दळण सोमवारीच', 'इस्त्री दुपारी'. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, चतुर्थी, एकादशी आणि वीज जाण्याची वेळ ही सारी एकाच चौकोनात गुण्यागोविंदाने नांदत होती. तिथी कोणती ते छापलेले होते. अंधार कोणता ते आत्याने हाताने भरले होते.

हे वेळापत्रक आले कोठून?

आपल्याकडच्या मोठ्या वीजनिर्मितीचा आरंभ पाण्यापासून झाला. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे तलाव बांधले, सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस त्यांत अडवला आणि तो सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरवून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज पोहोचवली. चार महिन्यांत मिळालेले धन बारा महिने पुरवायचे, हा शेतकऱ्याच्या कणगीचा हिशेब त्या दिवसापासून विजेलाही लागू झाला. पुढे कोयनेनेही तोच धडा गिरवला. तेथील पहिले जनित्र १९६२ साली फिरू लागले. कृष्णेच्या पाणीतंट्यावर लवादाचा निवाडा झाला, त्यात कोयनेचे पाणी पश्चिमेकडे सोडण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा पडली, आणि हे वर्ष १ जून ते ३१ मे असे मोजायचे ठरले. म्हणजे मे महिन्यात धरणात पाणी दिसत असले तरी ते वापरण्याचा हक्क उरलेला असेलच असे नाही. म्हणून शहाणा कारभारी कोयनेची वीज दिवसभर उधळत नाही. दिवेलागणीला, घरोघरी एकदम बटणे दाबली जातात तेव्हासाठी राखून ठेवतो. वीज केव्हा खर्चावी याचे वेळापत्रक आधी जन्मले. ती केव्हा तोडावी याचे मागाहून.

कोयनेवर आपण किती विसंबलो आहोत याचा प्रत्यय ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आला. भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, माणसे दगावली, आणि तिकडे दूरवर मुंबईतले कारखाने विजेवाचून थबकले. तो अंधार अर्थातच कोणत्याही कोष्टकात नव्हता.

कोष्टकातला अंधार प्रथम भोगला तो कारखान्यांनी, आणि तोही सुटीच्या वेषात. सगळ्या कारखान्यांनी रविवारीच विश्रांती घेतली तर रविवारी वीज उरते आणि सोमवारी तोकडी पडते. तेव्हा सुट्या वाटून टाकाव्यात अशी तोड निघाली. पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला, डोंबिवलीकडे शुक्रवार, नाशकाला शनिवार. पुण्याबाहेरचे पाहुणे अजूनही विचारतात, गुरुवारीच सुटी का? दत्ताचा वार म्हणून? पुणेकरही तसे हसून मान डोलावतात. खरे कारण दत्तगुरूंकडे नसून वीज मंडळाकडे होते. यंत्रे बंद असण्याचा दिवस म्हणून तारांच्या दुरुस्त्याही गुरुवारीच निघू लागल्या, आणि पुण्यात नळ कोरडे राहण्याचा वारही बहुधा गुरुवारच असतो. तीन पिढ्यांना एखादी गोष्ट सोसावी लागली की तिला रूढीचे रूप येते. मग तिचे मूळ कोणी विचारत नाही.

आता त्या शब्दाकडे वळू. इंग्रजीत याला 'लोडशेडिंग' म्हणतात आणि आमच्या खेड्यांतही हाच शब्द तोंडी बसला. त्याचा सरळ अर्थ ओझे टाकून देणे. घाटात बैलगाडी चढेना झाली की गाडीवान दोन पोती खाली ढकलतो, तसे. सरकारदरबारी त्याचे मराठी झाले 'भारनियमन'. शब्द मोठा सभ्य आहे; ऐकताना कोणी कोणाला खाली ढकलले असे वाटतच नाही, उलट काहीतरी शिस्तीचे काम चालू आहे असा भास होतो. पण पोती खाली पडतात हे खरेच. साठवून ठेवलेल्या विजेचे कोठार पूर्वी नव्हते आणि आजही पुरेसे नाही. ज्या क्षणी वापरायची त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. वापर निर्मितीपेक्षा वाढला की सेकंदाला पन्नास आवर्तने ही विजेची चाल मंदावते. ती फारच मंदावली तर जनित्रे आपला जीव वाचवण्यासाठी एकामागून एक बाजूला होतात आणि सारे राज्य अंधारात बुडते. ते टाळण्यासाठी कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून फर्मान सुटते: इतका भार कमी करा. मग कुठल्यातरी उपकेंद्रातला कर्मचारी एक खटका ओढतो.

गाडी वाचवायची तर पोती टाकावी लागणारच, यावर वाद नाही. वाद आहे तो कोणाची पोती टाकायची यावर. आणि वेळापत्रकाचा सारा इतिहास या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न तीव्र झाला. दाभोळचा बहुचर्चित प्रकल्प १९९९ साली ७४० मेगावॉटनिशी सुरू झाला, दराच्या भांडणात २००१ साली बंद पडला आणि २००६ साली नव्या नावाने पुन्हा उभा राहीपर्यंत तसाच निजून राहिला. मधल्या काळात नवी वीज फारशी आली नाही. मागणी मात्र लग्नघरातल्या पंगतीसारखी वाढत गेली. जून २००५ मध्ये वीज मंडळाची वाटणी होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशी तीन घरे वेगळी झाली. वितरणाच्या, म्हणजे महावितरणच्या, वाट्याला रिकामे भांडे आले. पुढच्या दोन-तीन वर्षांत संध्याकाळच्या वेळी चार-पाच हजार मेगावॉटची तूट पडू लागली. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास वीज नाही, हे नित्याचे झाले.

तोवर कोणाची वीज तोडायची हे उपकेंद्रातच ठरे, आणि जेथे गोष्टी अशा ठरतात तेथे ज्याचा दूरध्वनी वजनदार त्याचा दिवा उजळ. १९९९ साली स्थापन झालेल्या वीज नियामक आयोगापुढे हा प्रश्न गेला. २००५ पासून जाहीर सुनावण्या झाल्या, ग्राहक संघटना भांडल्या आणि भारनियमनाला नियम आले. कोणत्या भागात किती तास अंधार, हे लिहून प्रसिद्ध करणे भाग झाले. अंधाराचा हिशेब मागता येऊ लागला ही लहान गोष्ट नव्हे. साडेपाचाला जाणारी वीज पाचला गेली तर आत्या उपकेंद्रात निरोप धाडू शकत होती, आणि एकदा तिने तो धाडलाही.

पण हे तास कशावरून ठरत? येथे वेळापत्रकाच्या पोटातली खरी गंमत आहे. उपकेंद्रातून निघणाऱ्या तारेला सरकारी भाषेत 'वाहिनी' म्हणतात. लोक 'फीडर' म्हणतात, आणि ते बरेच आहे, कारण 'आमच्या वाहिनीची वीज गेली' या वाक्यात एक मात्रा हरवली की घरात गैरसमज होतात. एका वाहिनीत किती युनिट सोडली आणि त्यांतल्या किती युनिटांचे पैसे हाती आले, यांची वजाबाकी करायची. जी गळती निघेल तिच्यावरून वाहिन्यांचे गट पाडायचे. कमी गळती तर ए गट, थोडा अंधार. जास्त गळती तर खालचा गट, जास्त अंधार. गट वाढत गेले. अखेर ए पासून एफ पर्यंत सहा, आणि त्यांच्याही खाली जी-१, जी-२, जी-३. शाळेतल्या मास्तरांनाही नापासांचे इतके प्रकार कधी सुचले नव्हते.

बिलाचे पैसे भरणाऱ्याला आधी वीज, हे वरवर न्यायाचेच दिसते. मलाही एके काळी ते पटले होते. पण वाहिनी म्हणजे एक माणूस नव्हे. तिच्यावर हजार-दोन हजार घरे असतात. तारेवर आकडे टाकणारा त्यांत असतो, थकबाकीदार असतो, आणि महिन्याच्या महिन्याला रांगेत उभे राहून बिल भरणारी आत्याही असते. रात्री कोणी तारेवर आकडा टाकला की महिन्याअखेरीस कागदावरचा गळतीचा आकडा वाढे, आणि त्या दोन आकड्यांमध्ये आत्याचे घर सापडे. तिचा फीडर पुढे जी-१ मध्ये गेला. तिच्याकडे एकही पैसा थकलेला नव्हता. ती म्हणे, 'परीक्षा वर्गाची घेतात आणि छडी सगळ्यांनाच देतात.' यावर उलट बाजूने असेही सांगितले जाई की शिक्षा सर्वांना झाल्याशिवाय गाव चोराला बोलणार नाही. काही गावे बोललीही असतील. पण शेजाऱ्याच्या तारेवर पहारा ठेवण्याचे काम विधवा म्हातारीने करावे, हा न्याय मला तरी समजला नाही.

शहरांनी आपापली वाट काढली. पुण्यात २००६ साली उद्योजकांच्या संघटनेने एक योजना पुढे आणली: कारखान्यांनी आपली स्वतःची जनित्रे चालवावीत, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळावी, आणि महागड्या इंधनाचा बोजा शहरातल्या ग्राहकांनी जादा आकार देऊन उचलावा. आयोगाने मान्यता दिली आणि पुणे अंधारातून सुटले. योजना हुशारीची होती. तरी पैसे मोजून अंधार दुसऱ्या गावी धाडता येतो, ही जाणीव संगमनेरकडून पाहणाऱ्याला जराशी बोचतच असे. मुंबईची तऱ्हा आणखी निराळी. तिच्यासाठी टाटांची आणि बेस्टची जुनी व्यवस्था होती. बाहेरचे जाळे कोसळले तर शहर अलग करून उजळते ठेवण्याची तजवीज होती. त्यामुळे भारनियमन हा शब्द मुंबईकराने बहुधा वर्तमानपत्रातच वाचला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ही तजवीजही फसली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि देशभर बातमी झाली. बातमी व्हावी इतके ते नवलाचे होते.

आता वेळापत्रक वाचायचे कसे, ते सांगतो. कारण ते हाती पडूनही न समजलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पहिली चूक अशी की लोक त्यात आपले गाव किंवा आपली आळी शोधतात. कोष्टकाला गाव ठाऊक नसते. त्याला फीडर ठाऊक असतो. त्याचे नावही फसवे. उपकेंद्रातून निघालेल्या तारेवरचे पहिले गाव, एखादी पाणीयोजना किंवा केव्हाच बंद पडलेला कारखाना, यांचे नाव त्याला चिकटलेले असते. आत्याच्या गावचा फीडर पाच मैलांवरच्या दुसऱ्याच गावाच्या नावाने ओळखला जाई, आणि त्या गावचे लोक आपले नाव पाहून आमच्याच वेळेवर दळण नेत. एका गल्लीच्या दोन बाजू दोन फीडरांवर असणे ही तर सर्रास गोष्ट. समोरच्या ओसरीवर पंखा फिरतो आहे आणि आपण विंझणा हलवीत आहोत, या दृश्याने किती घरोब्यांत वितुष्ट आले असेल ते देव जाणे. शिवाय दवाखाना, पाणीपुरवठा किंवा साखर कारखाना यांच्यासाठी थेट गेलेली तार असते. तिला 'एक्स्प्रेस फीडर' म्हणतात. आगगाडीतल्या एक्स्प्रेसप्रमाणेच ती आपल्या दारावरून जाते, पण आपल्यापाशी थांबत नाही.

मग आपला फीडर कळावा कसा? बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो, चार अंकी बिलिंग युनिट असते, आणि आपल्याला वीज देणाऱ्या रोहित्राचा, म्हणजे लोकभाषेत डीपीचा, क्रमांकही असतो. तो क्रमांक घेऊन उपकेंद्रात गेले की तेथला माणूस फीडरचे नाव सांगू शकतो. याहून सोपा उपाय म्हणजे गावचा वायरमन. तो खांबाकडे नुसती मान वर करून सांगतो. आणि सर्वांत खात्रीचा उपाय आत्याचा: वीज गेली की गच्चीवर जाऊन कोणाकोणाची गेली ते पाहणे. आठवडाभर पाहिले की गावाचा विजेचा नकाशा माणसाला पाठ होतो.

फीडर सापडला, आता वेळ. छापलेली वेळ उपकेंद्रातला खटका ओढण्याची असते. परत येताना सगळ्या वाहिन्या एकदम जोडत नाहीत, एकामागून एक जोडतात. तेव्हा आठ म्हणजे सव्वाआठ धरावे. पण खरी मेख असते ती मध्यरात्रीच्या आसपास, आणि तिने आमच्या घरी एकदा चांगलाच हिसका दाखवला.

शेतीपंपांचे वेळापत्रक घरांपेक्षा वेगळे असे. तीनही फेजांची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि उरलेले दिवस रात्री दहा तास, अशी पाळी. दोन तास जास्त मिळत ते रात्रीच्या जागरणाचे मोल म्हणून की काय, कोण जाणे. राज्यात चाळीस लाखांहून अधिक शेतीपंप. सगळे एकाच वेळी चालले तर जाळे तग धरणार नाही, आणि रात्री इतर वापर कमी, म्हणून ही पाळी. कागदावर हिशेब बिनतोड आहे. कागदावर साप नसतो, उसात दबून बसलेला बिबट्या नसतो, आणि जानेवारीच्या थंडीत गुडघाभर चिखलात दारे धरणारा माणूस नसतो.

त्या वर्षी गहू ओंबीवर आला होता. नव्या पाळीचा कागद आतोबांनी स्वतः वाचला. त्यात छापले होते 'बुधवार, ०.३० ते १०.३०'. आतोबांनी बुधवारी दिवसभर विश्रांती घेतली, संध्याकाळी लवकर जेवले, कंदील आणि काठी घेऊन रात्री अकराला मळ्यावर गेले आणि उजाडेपर्यंत विहिरीच्या काठावर बसून राहिले. वीज आली नाही. ती आदल्या रात्रीच येऊन गेली होती. आपला वार सूर्योदयाला सुरू होतो आणि दुसऱ्या सूर्योदयापर्यंत चालतो. मंगळवारची रात्र उजाडेपर्यंत मंगळवारचीच असते. काही पंचांगांत म्हणूनच मध्यरात्रीनंतरचा दीड '२५.३०' असा छापतात. कचेरीचा वार मात्र रात्री बाराच्या ठोक्याला बदलतो. त्या कागदात चूक काहीच नव्हती. दोन पंचांगे होती एवढेच, आणि त्यांच्या सांध्यात आमचा गहू सापडला. पुढची पाळी येईपर्यंत दाणा भरायचा तो भरला नाही. त्या वर्षीचा गहू चाळताना आत्या काही बोलली नाही. पण कालनिर्णयाच्या त्या पानापासून पुढे तिच्या नोंदी बदललेल्या दिसतात: 'मंगळवार रात्री, झोपण्याआधी'.

असल्या चुकांवर शेतकऱ्यांनी एक यांत्रिक तोडगा काढला होता. 'ऑटो' नावाचा एक स्वस्त खटका पंपाला जोडायचा. वीज केव्हाही येवो, पंप आपोआप सुरू. त्यामुळे माणसाची झोप वाचली. पण वीज येताच शंभर पंप एकाच क्षणी हिसका देऊन उठत आणि बिचारी डीपी जळून जाई. मग ती दुरुस्त होईपर्यंत वेळापत्रक असून नसून सारखेच. अंधाराला पुरून उरण्याचा प्रत्येक उपाय नवा अंधार घेऊन येत होता. त्यातल्या त्यात मला आवडलेली गोष्ट 'अक्षय प्रकाश' योजनेची. २००५-०६ च्या सुमारास काही गावांनी आपण होऊन ठरवले की संध्याकाळी कोणीही पंप चालवायचा नाही. त्या बदल्यात घरांतले दिवे चालू राहतील. एकाने जरी पंप चालवला तरी साऱ्या गावाचा दिवा धोक्यात. दिवेलागणीला मुलांच्या अभ्यासासाठी मळ्यातले पाणी थांबवणारी गावे त्या काळात होती, हे विसरता कामा नये. पुढे गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्याच वेगळ्या झाल्या, आणि त्या संयमाची गरज उरली नाही.

यथावकाश नवी वीजकेंद्रे आली, तूट भरत आली. २०१२ च्या सुमारास वरच्या चार गटांना भारनियमनातून मुक्त केल्याचे जाहीर झाले. खालच्या गटांचा अंधार आणखी रेंगाळला. आणि वेळापत्रक कायमचे गेले म्हणावे तर २०१७ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, कोळशाच्या टंचाईने ते पुन्हा डोकावले. २०२२ च्या एप्रिलात पुन्हा एकदा. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी २०१७ पासून सौर वाहिन्यांची योजना निघाली, पहिल्या प्रकल्पांपैकी एक राळेगणसिद्धीला उभा राहिला, आणि २०२३ पासून तिला मोठा वेग दिला गेला. सूर्य मध्यरात्री उगवत नसल्याने त्या विजेला दिवसाच यावे लागते. निदान एवढ्यापुरते दोन्ही पंचांगांचे एकमत आहे.

आता जी वीज जाते ती बहुतेक देखभाल-दुरुस्तीसाठी. पावसाळ्यापूर्वी तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या, रोहित्रातले तेल पाहायचे, झिजलेले चिमटे बदलायचे. जिवंत तारेवर चढून ही कामे होत नाहीत. हा अंधार वायरमनच्या जिवासाठी असतो आणि त्याबद्दल कुरकुर करू नये असे मला प्रामाणिकपणे वाटते. मात्र तो कळवून यावा. ३१ डिसेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ग्राहकांच्या हक्कांचे नियम जाहीर केले, त्यांत नियोजित वीजबंदीची माहिती ग्राहकाला दिली पाहिजे, आणि अचानक बिघाड झाला तर संदेश पाठवून वीज अंदाजे केव्हा येईल तेही सांगितले पाहिजे, असे लिहिले आहे. म्हणजे आता कोष्टक शोधत उपकेंद्राच्या भिंतीपाशी जायला नको. ते आपल्या खिशात येते. कधी आलेच नाही, तर १९१२ हा क्रमांक फिरवून विचारता येते.

खिसा मात्र आपला असावा लागतो. घरोघरी बिल अजून आजोबांच्या नावावर आहे, आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा हे पाहायला कोणाला सवड नाही. कुठे तो परगावी गेलेल्या मुलाचा असतो, कुठे सोडून गेलेल्या भाडेकरूचा. आपल्या घरात वीज केव्हा जाणार हे तिसऱ्याच गावी बसलेल्या माणसाला कळते, आणि तो संदेश पुसून टाकतो. ज्याला आपले वेळापत्रक हवे आहे त्याने दिवाळीनंतरच्या निवांत दुपारी बिल काढावे, त्यावरचा ग्राहक क्रमांक घ्यावा आणि आपला मोबाइल त्याला जोडून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

आत्याने ते अजून केलेले नाही. तिच्या मीटरचा संदेश पुण्याला, माझ्या आतेभावाच्या मोबाइलवर येतो, आणि तो पुसत नाही. लगेच तिला फोन करतो. मी माळ्यावरून ट्रंक खाली घेत होतो तेव्हाही त्याचा फोन आला: परवा सकाळी दहा ते दोन, तारांचे काम आहे. आत्याने यंदाच्या कालनिर्णयाच्या दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली, परवाच्या चौकोनात 'स. १० ते २' असे लिहिले, आणि कुंपणापाशी जाऊन शेजारच्या सुनेला हाक मारून सांगितले की चकलीची भाजणी उद्याच दळून आण.